पहिल्या दिवसाची लस

नागपूरच्या गांधीबागेतील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय. काल रात्री जन्मलेल्या बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी ही क्षयावरची लस देण्याची तयारी सुरू आहे. तपकिरी कुपीतील कोरडी पूड सलाइनमध्ये विरघळवून सिस्टर जेमतेम ०.०५ मिलिलिटर लस सिरिंजमध्ये ओढतात आणि सुई कातडीला जवळजवळ समांतर धरून वरच्याच थरात सरकवतात. पांढुरका फुगवटा येतो. त्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रे दिसली, की लस नेमक्या जागी गेली असे समजावे.

काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईचे क्षयजंतू १९०८ पासून १३ वर्षे पुनःपुन्हा वाढवून त्यांचा मारकपणा घालवला आणि १९२१ मध्ये ही लस प्रथम एका बाळाला दिली गेली. तिचे काम मात्र क्षयापुरते थांबत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली रक्तात दिसणाऱ्या मोठ्या, मूत्रपिंडाकृती केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे मोनोसाइट. जंतू कोणताही असो, त्यावर आधी तुटून पडणाऱ्या या जन्मजात प्रतिकारशक्तीला स्मरण नसते, असेच अनेक वर्षे शिकवले गेले. नेदरलँड्समधील मिहाई नेतेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ ही कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी, बीसीजी घेतलेल्या निरोगी माणसांच्या मोनोसाइट क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंनाही अधिक जोरदार प्रतिसाद देतात, हे दाखवून दिले. डीएनए बदलत नाही. तो ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर रासायनिक खुणा उमटतात आणि संरक्षणाची जनुके पुढच्या वेळी लवकर कामाला लागतात. मोनोसाइट रक्तात काही दिवसच टिकतात, तरी परिणाम अनेक महिने राहतो, कारण हे शिक्षण अस्थिमज्जेतील मूळपेशींपर्यंत पोहोचते आणि तिथे तयार होणारी नवी पेशी शिकूनच बाहेर पडते.

पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशात कमी वजनाच्या बाळांना बीसीजी उशिरा न देता जन्मताच दिल्यावर पहिल्या महिन्यातील मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात बीसीजीच्या जंतूचा रशियन वाण वापरून झालेल्या चाचण्यांत हा लाभ दिसला नाही.

कुपीत अनेक मात्रा असतात आणि लस विरघळवल्यावर चार तासांत वापरावी लागते. म्हणून कित्येक ठिकाणी पुरेशी बाळे जमेपर्यंत कुपी उघडलीच जात नाही आणि बाळंतिणीला पुढच्या लसीकरणाच्या दिवशी यायला सांगितले जाते. उरलेल्या मात्रा वाया गेल्या तरी चालतील, पण एका बाळासाठीही कुपी उघडली गेली पाहिजे आणि तीही रुग्णालयातून सुट्टी मिळण्याआधी.