कोऱ्या पाटीवर कुणाचं नाव?

श्रोतेहो, नमस्कार.

नवं उद्यान तयार होतं. झाडं लागतात, बाकं बसतात, पण फाटकावरची पाटी अजून कोरीच असते. त्या पाटीवर काय लिहायचं, हे ठरतं तरी कसं?

कागदावरची वाट साधारण सगळीकडे सारखी असते. कुणीतरी प्रस्ताव मांडतं, नामकरण समिती तो तपासते, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि शेवटी सभागृहात ठराव होतो. त्याच शहरात तेच नाव दुसरीकडे आहे का, हेही पाहावं लागतं; रुग्णवाहिका भलत्याच ठिकाणी पोहोचली तर जिवावर बेततं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो थांबण्याचा नियम. अमेरिकेत डोंगर-नद्यांची नावं ठरवणारं सरकारी मंडळ माणूस गेल्यावर पाच वर्षं उलटेपर्यंत त्याच्या नावाचा विचार करत नाही. हयात व्यक्तींची नावं देऊ नयेत, असा ठराव भौगोलिक नावांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनं 2002 मध्ये केला. शोक ताजा असताना कुणाला नाही म्हणणं फार अवघड जातं. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली नोव्हेंबर 1963 मध्ये, आणि न्यूयॉर्कच्या विमानतळाला त्यांचं नाव मिळालं त्याच डिसेंबरमध्ये. ते नाव टिकलं, हे खरं. पण घाईत दिलेलं प्रत्येक नाव टिकतंच असं नाही.

नाव विकलं जातं तेव्हा तर हा धोका वाढतो. ह्यूस्टनचं बेसबॉल मैदान 2000 साली एन्रॉन कंपनीच्या नावानं सुरू झालं. करार तीस वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. मैदानावरून ते नाव उतरवण्यासाठी संघाला सुमारे एकवीस लाख डॉलर मोजून हक्क परत घ्यावे लागले.

मग लोकांनाच विचारावं का? विचारावं, जरूर विचारावं. पण नुसती मतं मोजून भागत नाही. स्लोव्हाकिया आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये मोरावा नदी वाहते. ब्रातिस्लावाजवळ तिच्यावर सायकलींचा पूल झाला, तेव्हा 2012 च्या ऑनलाइन मतदानात चक नॉरिस हा सिनेनट पुढे होता. प्रादेशिक सभेनं मात्र पुलाला स्वातंत्र्याचं नाव दिलं. साम्यवादी राजवटीत हीच नदी ओलांडून पळताना माणसं मेली होती. त्या काठाला ती आठवण होती, आणि ती जपणं हे निवडून आलेल्यांचं कामच होतं.

मला सगळ्यांत विचार करायला लावते ती बर्लिनची गोष्ट. तिथल्या फ्रीडरिशहाइन-क्रॉइत्सबेर्ग विभागानं ठरवलं होतं की, पाट्यांवर स्त्रियांची संख्या पुरुषांच्या बरोबरीला येईपर्यंत नवी नावं स्त्रियांचीच द्यायची. ज्यू संग्रहालयासमोरच्या चौकाला तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांचं नाव द्यावं, अशी संग्रहालयाची इच्छा. माणूस थोर, मागणी रास्त. पण नियम आडवा आला. बराच वाद होऊन 2013 मध्ये तोडगा निघाला: फ्रोमेट आणि मोझेस मेंडेल्सझोन चौक. फ्रोमेट ही त्यांची पत्नी. तिचं नाव आधी आलं, याचा मला आनंद आहे. तरी ती पाटीवर आली ती कुणाची तरी बायको म्हणूनच, ही बोच राहतेच. पण त्या वादामुळे एक प्रश्न उघडपणे विचारला गेला: आजवर पाट्यांवर कोण आलं, आणि कोण कधीच आलं नाही? प्रत्येक नामकरण समितीनं नवा प्रस्ताव हाती घेण्याआधी आपल्या शहरातली जुनी नावं एकदा मोजून पाहावीत, असं मला मनापासून वाटतं.

आणि श्रोतेहो, हरकती-सूचनांची मुदत बहुधा थोडीच असते. ती नोटीस दिसली तर वाचून पुढे जाऊ नका. तुम्हाला सुचलेलं नाव लिहा, आणि त्या माणसाचा त्या जागेशी काय संबंध होता, हेही त्याखाली लिहा.

नमस्कार.