टॅब मोडलेली कॅसेट

(दृश्य : टेबलावर उघडलेली व्हीएचएस कॅसेट. हातमोजे घातलेले हात.)

फितीच्या कडेला ही पांढरी रेघ दिसतेय? तांदळाच्या पिठीसारखी? ती बुरशी आहे. मुंबईतले वीस-बावीस पावसाळे गोदरेजच्या कपाटात काढल्यावर ती येतेच. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये ढकलली तर हेड, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारा भाग, खराब होतं, आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागण.

या कॅसेटवर लोकांनी घरी उतरवलेल्या जुन्या मराठी मालिका आहेत, आणि त्या आम्हाला संगणकावर घ्यायच्या आहेत. म्हणून आधी पाच स्क्रू काढायचे. वरचं झाकण उचलण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, कारण परत बसवताना एखादी स्प्रिंग हमखास हातात उरते. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मऊ कापड, आणि रीळ हाताने फिरवत फीत पुसत राहायची. तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर फीत असते. घाई करून चालत नाही. एकदा केली. तुटलेली फीत चिकटवताना आमच्या दोस्ताचा चेहरा कसा झाला होता, ते पुढे दिसेलच.

(दृश्य : दुरुस्तीच्या दुकानातलं टेबल, दिवा, चिमटा.)

हा दोस्त मोबाइल दुरुस्त करतो. आमच्यातली एक बँकेत आहे, एक कॉलेजात शिकवते, दोघं निवृत्त. टीव्हीच्या धंद्यात आमच्यापैकी कुणीही नाही. मालिका बघणं आणि त्यावरून भांडणं, एवढाच आमचा अनुभव.

(दृश्य : कॅसेटची कड, जवळून.)

आता इकडे बघा. कॅसेटच्या पाठीमागे, डाव्या कोपऱ्यात, इथे प्लास्टिकचा एक छोटा टॅब असायचा. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. ज्यांच्या घरी व्हीसीआर होता त्यांना हे आठवत असेल. कोरी कॅसेट काही स्वस्त नव्हती, त्यामुळे एकाच कॅसेटवर आज सिनेमा, उद्या मॅच, परवा मावशीकडचं केळवण असं चालायचं. कधीतरी घरातलं कुणीतरी म्हणायचं, हे नाही पुसायचं, आणि स्क्रूड्रायव्हरने टॅब उडवायचं.

आम्हाला मिळालेल्या दोन खोक्यांमधल्या बहुतेक कॅसेटचे टॅब मोडलेले आहेत. लेबलं निळ्या बॉलपेनने लिहिलेली. ‘दामिनी’. ‘आभाळमाया, शेवटचा थोडा गेला’. ‘टिपरे, दिवाळी’. एकावर नुसतंच ‘हात लावू नये’.

(दृश्य : व्हीसीआर सुरू होतो. पडद्यावर मुंग्या, मग चित्र.)

व्हीसीआरच्या आत एक ड्रम मिनिटाला १,५०० वेळा फिरतो, आणि फीत त्याला तिरकी लपेटून जाते. ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवत चित्र जागेवर आणावं लागतं. यात वेळ वाचवायची सोय नाही. तीन तासांची कॅसेट संगणकावर घ्यायला तीनच तास लागतात, आणि ते तास कुणीतरी समोर बसून काढायचे असतात. त्यामुळे सगळं पुन्हा बघून झालं. जाहिरातींसकट. त्या काळी जाहिराती आल्या की पॉज दाबायला धावणाऱ्यांचा आता फार राग येतो. जाहिरातीच तर हव्या होत्या.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो, टेबलावर पसरलेले.)

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. चिं. वि. जोशींच्या कथांवरचं ‘चिमणराव’ आलं सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ. त्यातले आज पाहायला मिळतात ते भाग अगदी मोजके. चित्रफिती महाग होत्या, एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घेणं ही कामाचीच रीत होती. कुणी दुष्टपणा केला असं नाही. पण त्या फितींचे टॅब कुणी मोडले नाहीत, एवढं खरं.

तिकडे इंग्लंडातही हेच झालं. १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे जुने भाग बीबीसीने पुसून टाकले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो घरी उतरवून घेतला होता. २०१३ मध्ये त्यातले नऊ भाग नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा आमच्यातल्या एकाने पेढे वाटले होते. का, ते त्याच्या बायकोला अजून कळलेलं नाही.

(दृश्य : दिवाणखाना. सात-आठ जण, चहा, एकाच वेळी बोलणारे सगळे.)

हा आवाज मुद्दाम कमी केलेला नाही. वाद चाललाय ‘आभाळमाया’मधली सुधा जोशी नवऱ्याशी, शरदशी, वागली ते बरोबर की चूक, यावर. मालिका सुरू झाली १९९९ मध्ये. वाद अजून मिटलेला नाही. उजवीकडच्या काकू म्हणतायत, सुकन्या कुलकर्णींनी सुधाला रडकी होऊ दिलं नाही, तिथेच ती जिंकली. त्यांच्या शेजारच्यांना मनोज जोशींच्या शरदची बाजू मांडायची आहे, पण त्यांना बोलू दिलं जात नाहीये.

(दृश्य : ड्रोन. लाल माती, माड, कौलं.)

हे आकेरी, सावंतवाडीजवळ. ‘रात्रीस खेळ चाले’मधला नाईकांचा वाडा तो हाच. ड्रोन एका मित्राने दोनच दिवसांसाठी दिला होता, म्हणून हा वाडा तुम्हाला गरजेपेक्षा जास्त वेळ दिसेल. २०१६ मध्ये मालिका आली आणि माणसं गाड्या करून घर बघायला येऊ लागली. आम्हीही त्यातलेच. फाटकापाशी पोचल्यावर आमच्यातल्या तिघांनी, आधी काही न ठरवता, एकदम मालिकेतल्या अण्णा नाईकांचा आवाज काढला.

(दृश्य : पुन्हा टेबल. हार्ड डिस्क, तारा.)

या भागांचे हक्क वाहिन्यांचे आणि निर्मात्यांचे. म्हणून पूर्ण भाग आम्ही कुठेही टाकलेले नाहीत, इथेही काही सेकंदच वापरलेत. एका वाहिनीला आमच्याकडे काय आहे ते लिहून कळवलं. उत्तर नाही.

(दृश्य : साधी ऑडिओ कॅसेट, टेपरेकॉर्डरमध्ये जाताना.)

खोक्याच्या तळाशी ही निघाली. व्हिडिओ नाही, साधी ऑडिओ कॅसेट. त्या घरी व्हीसीआर नव्हता. तेव्हा शाळेत असलेल्या मुलीने टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत उतरवून घेतलं होतं. शब्द मंगेश कुळकर्णींचे, चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडितांचा.

गाणं आज कुठेही स्वच्छ ऐकायला मिळतं. पण या कॅसेटमध्ये गाण्याआधी एक बाई म्हणते, “अगं, पंखा बंद कर, आवाज येतोय त्याचा.” पंखा थांबतो. गाणं सुरू होतं. मधे कुकरची एक शिट्टी होते, मग दुसरी. कुणीतरी “श्शू” करतं.

ती मुलगी आता बँकेत आहे. हे ऐकताना तिचं चित्रीकरण केलं आहे. इथे मी बोलत नाही.

(दृश्य : तिचा चेहरा. मूळ आवाज, तिसऱ्या शिट्टीपर्यंत.)