कडेवरचं नाव

माईक लागला का नीट? हां. तर आधीच सांगतो, मला व्याख्यान-बिख्यान देता येत नाही, मी आपला बिल्ले न मेडलं गोळा करणारा माणूस, वाचनालयवाल्यांनी पाठच सोडली नाही म्हणून उभा राहिलो. परवा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला पोरं खिशाला तिरंगी बिल्ले लावून आली होती बघा, दुपारपर्यंत निम्मे नालीत. मी चार उचलून घरी आणले. बायको म्हणली, आता नालीतलं पण आणायलात का.

हा नाद लागला कसा ते सांगतो. १९८० ला आमच्या धाकट्या आत्याचं लग्न, चांदीचा भाव त्या वर्षी असा भडकला होता की नवी चांदी घेणं काही झेपत नव्हतं, मग आजीनं ट्रंकेतून पणजोबांचं लढाईतलं 'बक्षीस' काढलं (आमच्या घरात मेडल असं कुणी म्हणायचंच नाही), त्यात अजून थोडी मोड घातली आणि पैंजण करून आणले. कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही, मी अठरा वर्षांचा. ट्रंकेत राहिली फक्त रिबन. दोन्ही बाजूंना निळा पट्टा, मग काळा, मग पांढरा, आणि मधे रुंद नारंगी.

पुढं दहा-बारा वर्षांनी पुण्यात एका प्रदर्शनात गेलो तर तीच रिबन काचेत, आणि खाली मेडल लटकलेलं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, टापेखाली ढाल न कवटी. मी राजाचं तोंड बघत बसलो, तर तिथल्या माणसानं ते उभं धरलं आणि म्हणला, तोंड सगळ्यांचं सारखंच असतं हो, कड बघा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली. म्हणजे ज्याला दिलं त्याचं नाव! तिथंच पोटात गोळा आला. पणजोबांचं नाव आम्ही भट्टीत घातलं होतं.

आता चांदीचं होतं एवढ्यावरून इतकंच म्हणता येतं की ते शिपाईगडी असावेत, कारण लेबर कोअरच्या, म्हणजे फौजेबरोबरच्या मजुरांच्या तुकड्यांतल्या लोकांना हेच मेडल ब्राँझमध्ये दिलं होतं. पण कुठल्या पलटणीत? निझामाचे घोडेस्वार, हैदराबाद लान्सर्स, पॅलेस्टाईनकडं लढले, दिल्लीच्या तीन मूर्तीतली एक मूर्ती हैदराबादच्या स्वाराची आहे, आपल्याकडं किती जणांना ठाऊक आहे? का मग १०३, ११०, ११७ मराठा पलटणींपैकी कुठली, ज्या इराकातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या? घरात कुणाला म्हणून माहीत नाही.

तेव्हापासून मी मेडल हातात आलं की पहिल्यांदा कड बघतो. आणि व्हर्नियरनं (जाडी-रुंदी मोजायची सरकपट्टी) मोजतो, कारण काही बहाद्दर कड घासून जुनं नाव काढतात आणि भारी पलटणीचं नवं नाव ठोकतात. वॉर मेडल ३६ मिलिमीटरचं, घासलं की बारीक होतं, तिथं चोर सापडतो. दुसऱ्या महायुद्धाला मात्र ब्रिटननं मेडलं बहुतेक बिननावाची वाटली, तिथं कड कोरी दिसली तर लगेच खोटं समजू नका.

आपल्या भागात मेडलापेक्षा बिल्लेच जास्त घावतात. संभाजीनगरात जाफरगेटच्या रविवार बाजारात नाहीतर भंगारवाल्याकडं पितळेचे, चपराशाच्या पट्ट्याचे, रेल्वे हमालाचे, निझाम स्टेट रेल्वेचे. किलोवर जातात बिचारे. यात गंमत सनाची. एका पोराचा फोन, काका १३५५ ची वस्तू घावली, बहामनी काळातली! म्हणलं बाबा, ते हिजरी आहे, १३५५ म्हणजे १९३६-३७, सातव्या निझामाची, उस्मान अलींची सिल्व्हर ज्युबिली झाली तो सुमार. फसली सन, म्हणजे निझामाच्या महसुली दप्तरातला, असला तर ५९० मिळवायचे की आपलं साल आलं, वर्षाचा फरक इकडं तिकडं. नाण्याचं अजून सोपं, त्यावरच्या चारमिनारच्या दारात उर्दू 'ऐन' अक्षर असलं की उस्मान अलींचं, 'मीम' असलं की त्यांच्या वडिलांचं.

आता ज्या मेडलावर माझा सगळ्यात जीव आहे ते. परभणीकडच्या एका खेड्यात, फौजेतल्या माणसाच्या घरी, इंडियन इंडिपेंडन्स मेडल. रिबन केशरी, पांढरी, हिरवी. एका बाजूला अशोकाचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७. उलटं करा तर अशोकचक्र, आणि चक्रावर राजाचा मुकुट! कारण २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री इंग्लंडचा राजाच आपला राजा होता. आणि मला राहून राहून वाटतं ते असं, की या माणसाच्या मेडलावर १५ ऑगस्ट, आणि त्या दिवशी त्याच्या गावात निझामाचंच राज्य, रझाकारांची भीती, पुढं तेरा महिने. मी त्या घरातल्या आजीला म्हणलं, विकू नका, मलाही नको. फोटो काढला, कडेवरचं नाव उतरवून घेतलं, आजीनं सांगितलं ते लिहून त्यांच्याच डबीत ठेवलं. विकत घेतलं असतं तर माझ्याकडं एक मेडल आलं असतं आणि त्यांच्या घरातली गोष्ट संपली असती.

पण त्या आजीनं एक केलं होतं, दर दिवाळीला तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर ते पण चिंचेनं घासायच्या. सिंहांची नाकं गायब. हात जोडून सांगतो, घासू नका, चिंच नको, राख नको, पॉलिश नको. काळं पडलं तर पडू द्या. रबर लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते, आणि स्वस्तातल्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये धातूवर हिरवा चिकट थर चढतो. कोरडी डबी, कडेला धरून उचलायचं, बस. आणि शंभर वर्षांच्या वरचं असलं की १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, बाहेर देशी विकायच्या फंदात पडू नका.

आत्याला मी हे सगळं गेल्या वर्षी सांगितलं. तिला खरंच माहीत नव्हतं पैंजण कशाचे आहेत. थोडा वेळ गप्प बसली, मग आत गेली आणि एक आणून माझ्या हातावर ठेवलं. ते आता रिबनसोबत डबीत आहे. म्हणलं, आत्या, दुसरं? तर म्हणली, ते नातीला मोडून वाळे करायचेत.