सर्व्हर चालू, गाड्या मात्र गेटवर

नमस्कार मंडळी.

रात्रीचे पावणेदहा वाजले होते. चाकण एमआयडीसीतला एक कारखाना. डिस्पॅचला पाच गाड्या भरून उभ्या, ताडपत्र्या बांधून झालेल्या, आणि सुपरवायझर प्रिंटरपाशी खोळंबलेला. त्याचा मला फोन आला, "साहेब, ई-वे बिल निघत नाहीये. हुबळीची गाडी आहे, सकाळी पोचायला हवी."

त्या कंपनीचं आयटी तेव्हा मी बाहेरून सांभाळायचो. लॅपटॉप उघडला. मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळं हिरवं. सीपीयू निवांत, डिस्क अर्धी रिकामी, डेटाबेस चालू, नेट चालू. मी त्याला म्हणालो, "आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचा प्रिंटर बघा." हे मी बोलायला नको होतं. कारण राज्याबाहेर पन्नास हजारांहून जास्त किमतीचा माल न्यायचा, तर ई-वे बिलाशिवाय, म्हणजे सरकारी पोर्टलवरून निघणाऱ्या मालवाहतुकीच्या कागदाशिवाय, गाडी रस्त्यावर काढता येत नाही. ड्रायव्हरची फेरी चुकते, आणि त्याची रात्र गेटवर जाते.

कारण सापडायला दीड तास गेला. बिलं सरकारी पोर्टलकडे पाठवणारा एक छोटा प्रोग्राम असतो. पोर्टलवर लॉगिन केलं की त्याला एक टोकन मिळतं, त्याला ठरावीक मुदत असते. त्या संध्याकाळी मुदत संपली, आणि हा प्रोग्राम जुनंच टोकन घेऊन पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहिला. बंद पडला नाही, म्हणून लाल दिवा लागला नाही. मागे बिलांची रांग वाढत गेली आणि ती रांग मोजायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

आजचा विषय हाच आहे. आपण यंत्रं बघतो. त्या यंत्रांवर जे काम चालतं, ते बघत नाही.

आता कामावर नजर ठेवायची म्हणजे काय करायचं? या कारखान्याचंच घेऊ. ऑर्डर येते, गोदामातून माल निघतो, बिल बनतं, पोर्टलवरून ई-वे बिल येतं, गेटपास निघतो, गाडी सुटते. हा सगळा प्रवास आधी कागदावर काढायचा. मग प्रत्येक टप्प्याखाली लिहायचं की हा टप्पा कशाच्या जिवावर चालतो. कुठला सर्व्हर, कुठला डेटाबेस, कुठली लाइन, कुणाचं लॉगिन. इथे एक फरक नीट लक्षात घ्या. ईआरपीचे, म्हणजे ऑर्डरपासून बिलापर्यंत कंपनीचं सगळं काम ज्यावर चालतं त्या सॉफ्टवेअरचे, दोन वेब सर्व्हर असतील आणि एक पडला, तर काम चालू राहतं. तो अलर्ट सकाळी बघितला तरी चालेल. डेटाबेस मात्र एकच आहे, तो पडला की सगळंच थांबतं. म्हणजे एकाच रंगाच्या दोन लाल दिव्यांची किंमत सारखी नसते. झॅबिक्स, नॅगिओस यांसारख्या मॉनिटरिंगच्या साधनांत ही झाडासारखी मांडणी करता येते. पण ते झाड साधन काढून देत नाही, ते आपल्यालाच काढावं लागतं, आणि तेही डिस्पॅचच्या माणसाला शेजारी बसवून.

मांडणी झाली की मोजणी. माझा सगळ्यात जास्त भरवसा एका आकड्यावर आहे: रांगेतलं सगळ्यात जुनं काम किती मिनिटांचं आहे? रांगेत किती बिलं आहेत, याने फसगत होते. महिनाअखेरीला दोनशे असतील आणि भराभर सरकत असतील. पण एकच बिल चाळीस मिनिटं तिथेच असेल, तर काहीतरी अडलंय हे नक्की. त्याच्या जोडीला शांततेचाही अलर्ट लावा. मंगळवारी रात्री आठ ते दहा दर वेळी बिलं निघतात आणि आज एकही नाही, तर एरर आली नसली तरी फोन वाजलाच पाहिजे.

आणि जेवढं काम आत आलं, तेवढंच बाहेर पडतंय का, हे ताडून बघा. हे न बघितल्याने काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नाइट कॅपिटल ही शेअर दलालीतली मोठी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडायच्या आधी त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातांवर चढला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला. ग्राहकांच्या ऑर्डरी होत्या २१२. त्यांच्यापायी बाजारात चाळीस लाखांहून जास्त सौदे झाले, ४५ मिनिटांत. २१२ आणि चाळीस लाख! हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसत असते, तर पहिल्याच मिनिटाला कुणीतरी ओरडलं असतं. नुकसान गेलं ४६ कोटी डॉलरच्या वर.

मला जास्त चटका लावते ती पुढची गोष्ट. अमेरिकेच्या सेक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या २०१३ च्या आदेशात लिहिलंय की बाजार उघडायच्या आधीच त्या यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते, आणि त्यांत त्या जुन्या कोडचं नावसुद्धा होतं. पण ते ईमेल अलर्ट म्हणून ठरवलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी त्यावर हालचाल केली नाही. म्हणून अलर्ट लावताना माणसाचं नाव लावा. ग्रुपवर टाकलेला अलर्ट सगळ्यांना दिसतो आणि कुणाचाच नसतो.

त्या रात्रीनंतर मी त्या सुपरवायझरकडे जाऊन बसलो. विचारलं, "काम अडलंय हे तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळतं?" तो म्हणाला, "ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरला, की समजायचं बिल अटकलं. एरवी गाडी भरल्यापासून बारा मिनिटांत गेटबाहेर असते."

बारा मिनिटं. आमच्या कुठल्याच पडद्यावर हा आकडा नव्हता. आता आहे. गाडी भरल्याची नोंद झाली आणि बारा मिनिटांत गेटपास निघाला नाही, तर डिस्पॅचच्या भिंतीवरचा पडदा लाल होतो, आणि त्याच क्षणी माझाही फोन वाजतो.