पुठ्ठ्याच्या पाकिटातली तार

श्रोतेहो, नमस्कार.

विजेच्या दिव्याचा विषय निघाला की एडिसन यांचं नाव आपोआप तोंडी येतं. आज मात्र मी लुईस लॅटिमर यांच्याविषयी बोलणार आहे.

त्यांचे आईवडील 1842 मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या गुलामगिरीतून पळून बॉस्टनला आले. लुईस 1848 मध्ये जन्मले. यादवी युद्धात ते कोवळ्या वयातच नौदलात गेले आणि परतल्यावर पेटंट वकिलांच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागले. तिथला ड्राफ्ट्समन आकृत्या काढायचा, ते हा मुलगा टक लावून पाहायचा. वापरलेली अवजारं विकत घेऊन तो घरी सराव करू लागला. एक दिवस त्याने धीर करून एखादी आकृती काढू देण्याची परवानगी मागितली. पुढे त्याच कचेरीत ते मुख्य ड्राफ्ट्समन झाले. 1876 मधल्या बेल यांच्या टेलिफोन पेटंटच्या आकृत्यांवरही त्यांचा हात फिरला आहे.

1880 मध्ये ते हायरम मॅक्सिम यांच्या दिव्यांच्या कंपनीत गेले. त्या काळी बल्बमधली तार कार्बनची असे. कागदासारख्या पदार्थाचे बारीक तुकडे कापायचे आणि हवा लागू न देता भट्टीत भाजायचे. भाजताना तुकडा आकसतो. भोवतालचं वेष्टन तसं आकसलं नाही, तर तो वाकतो किंवा तुटतो. लॅटिमर यांनी ते तुकडे पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवले. पुठ्ठाही तारेबरोबरच आकसतो, त्यामुळे तिच्यावर ताण येत नाही. 17 जानेवारी 1882 रोजी या पद्धतीचं पेटंट त्यांना मिळालं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेत एक दिवा पेटवणं वेगळं आणि कारखान्यात धडाधड चांगल्या तारा निघणं वेगळं. घरोघरी उजेड जायला हे दुसरं काम व्हावंच लागतं.

कंपनीने त्यांना दिवे बसवायला मॉन्ट्रियललाही पाठवलं. तिथले मजूर फ्रेंच बोलणारे. लॅटिमर रात्री सूचना फ्रेंचमध्ये लिहून पाठ करत आणि दिवसा खांबावर चढून त्याच भाषेत कामं सांगत.

1884 पासून ते एडिसन यांच्या कंपनीत होते. पेटंटच्या खटल्यांत तज्ज्ञ साक्षीदार म्हणून त्यांनी तिथे काम केलं, आणि 1890 मध्ये विजेच्या दिव्यांवर पुस्तकही लिहिलं. 1928 मध्ये ते गेले. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातलं त्यांचं लाकडी घर आता संग्रहालय आहे. आपल्यापैकी कुणाची मुलंबाळं त्या बाजूला असतील, तर त्यांना तिथे जाऊन यायला जरूर सांगा.