मुलाखत घेणाऱ्याचं पेन कधी चालतं

[दृश्य : सकाळ. नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत, पपया नर्सरीचा थांबा. बसमधून उतरणारी मुलंमुली.]

सकाळी साडेआठच्या सुमाराला पपया नर्सरीच्या थांब्यावर उभं राहिलं, की मुलाखतीला निघालेली मुलं लगेच ओळखू येतात. इस्त्रीचा फिकट शर्ट, काळी पँट, छातीशी धरलेली फाइल. कोणी सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडलेला, कोणी सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकलेली, कोणी निफाड-दिंडोरीहून पहिल्या एसटीने आलेली. फाइलमधला बायोडेटा मात्र बहुतेकांचा एकाच वळणाचा. झेरॉक्सच्या दुकानात नमुना तयार असतो, नाव आणि टक्के तेवढे बदलायचे. 'मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड. छंद : क्रिकेट, वाचन.'

यात मुलांना दोष देण्यासारखं काही नाही. मार्क कसे मिळवायचे हे शिकवायला क्लास आहेत. आपण केलेलं काम चार माणसांपुढे कसं मांडायचं, हे शिकवणारं कोणी क्वचितच भेटतं.

[दृश्य : टेबलावर कोरा मूल्यमापन तक्ता. शेजारी पेन.]

आता टेबलाच्या पलीकडे जाऊ. मुलाखत घेणाऱ्याच्या पुढ्यात बहुतेक वेळा एक तक्ता असतो. तांत्रिक ज्ञान, कामाची समज, बोलणं असे रकाने, प्रत्येकापुढे गुण आणि शेरा लिहायला जागा. दिवसभरात बरेच उमेदवार येऊन जातात. संध्याकाळी निवड करायला बसल्यावर चेहरे फारसे आठवत नाहीत, हातात हा कागद उरतो. म्हणून मुलाखतीत उठून दिसायचं म्हणजे त्या कागदावर लिहिण्यासारखं काहीतरी द्यायचं. 'मी मेहनती आहे' म्हटल्यावर पेन जागचं हलत नाही. ते सकाळपासून सगळ्यांनीच सांगितलेलं असतं.

या तक्त्यामागे अभ्यास आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नोकरभरतीवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा 1998 मध्ये प्रसिद्ध केला. गप्पांच्या ओघात होणाऱ्या मुलाखतीपेक्षा, सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीतून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज जास्त चांगला येतो, असं त्यातून दिसलं. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे नव्याने तपासले. निवडीच्या बऱ्याच पद्धतींचे आकडे खाली आले, तरी अशी आखीव मुलाखत यादीत सर्वांत वर राहिली. 'कामात अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत, असा एखादा प्रसंग सांगा' हा प्रश्न तिथूनच येतो. त्यांना तुमचं स्वतःबद्दलचं मत नको असतं. घडलेलं हवं असतं.

नाशिकमध्ये हे बोलायला लागलं, की कोणीतरी म्हणतंच, "अहो, सगळं आधीच ठरलेलं असतं. वशिला लागतो." ही शंका उगाच आलेली नाही. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, त्या भ्रष्टाचाराला वाव राहू नये म्हणूनच. खासगी कारखान्यात मुलाखत आहे आणि राहणार. काही ठिकाणी ओळख चालतेही. पण महिंद्रा, बॉश यांसारख्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा लहान कारखानदार पाहा. त्याचा माल परत आला, की तो ज्याच्या हातून बिघडला त्याची ओळख कोणाशी आहे, हे कोणी विचारत नाही. त्याला कामाचं माणूस हवंच असतं, आणि ते कसं ओळखायचं ही त्याची रोजची विवंचना असते.

[दृश्य : मुलाखतीची खोली. टेबलावर धातूची एक पिन आणि मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन.]

काही ठिकाणी प्रश्नांच्या आधीच परीक्षा सुरू होते. साहेब एक पिन पुढे सरकवतात. "जरा माप बघ."

बहुतेक मुलं मायक्रोमीटर उचलतात, पिन पकडतात आणि आकडा सांगतात. "24.98, सर."

एखादा मुलगा मात्र आधी खिशातला रुमाल काढतो. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसतो, पिन पुसतो. रिकामा मायक्रोमीटर मिटवून झिरो जुळतो का ते पाहतो. तो दोन शतांश मिलिमीटर पुढे आहे. मग पिन पकडतो, फिरवायची मूठ, म्हणजे थिंबल, दाबून पिळत नाही, टोकाची रॅचेट कटकट वाजेपर्यंतच फिरवतो. पिन थोडी वळवून दुसऱ्या जागी पुन्हा मोजतो. "रीडिंग 24.98 आहे, सर. पण झिरो एरर दोन शतांश आहे. माप 24.96."

या मुलाने स्वतःबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, आणि तक्त्यावर दोन ओळी लिहून झाल्या आहेत. हे क्लासमध्ये घोकून येत नाही. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं ज्याने हात काळे केले, त्याच्या बोटांत ते असतं. आपल्याला वाईट याचं वाटतं, की अशी बोटं असलेली मुलं 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर वडिलांचं नाव, गाव आणि दहावीचे टक्के सांगून गप्प बसतात.

ते उत्तर कसं असू शकतं? समजा, टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथवरचं काम शिकलेला मुलगा आहे. त्याने सांगावं, "वर्कशॉपमध्ये शाफ्ट टर्न करताना टेपर येत होता. दोन टोकांच्या व्यासात सहा शतांशाचा फरक. शाफ्टचं दुसरं टोक धरणाऱ्या टेलस्टॉकचा सेंटर सरकला होता. तो जुळवला, पुढचा शाफ्ट मापात आला." अर्ध्या मिनिटाचं बोलणं. लगेच पुढचा प्रश्न येईल, "टेलस्टॉकच कशावरून? टूल झिजलं नव्हतं?" खरं काम केलेल्याला या प्रश्नाची भीती नसते. "टूल बदलून पाहिलं, सर. फरक तेवढाच राहिला." यूट्यूबवरून उचललेली गोष्ट इथे उघडी पडते. थापा मारणाऱ्याला साहेब रागावत नाहीत, फक्त पुढचे प्रश्न विचारायचे थांबतात.

[दृश्य : द्राक्षबाग. ओट्यावर बसून रजिस्टर लिहिणारी मुलगी.]

अनुभवच नाही म्हणणाऱ्यांचं काय? दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या बीएस्सी झालेल्या मुलीचा बायोडेटा डोळ्यांपुढे आणा. औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात जागा आहे. अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलंय, 'नाही.'

घरी दोन एकर निर्यातीची द्राक्षं आहेत. फवारणीचं रजिस्टर तीच लिहिते. तारीख, औषध, एकरी प्रमाण, पाणी किती, फवारलं कोणी, आणि काढणीला किती दिवस राहिले. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्लॉट अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत घालावा लागतो, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला, की तो माल युरोपला जात नाही, मिळेल त्या भावाने इथेच विकावा लागतो. वर्षभराचा खर्च एका अहवालावर टांगलेला असतो. काढणी जवळ आलेली, आभाळ भरून आलेलं, वडील डाऊनी रोगाच्या धास्तीने पंप भरायला निघालेले. पीएचआय म्हणजे फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस. ती रजिस्टर पुढे करते, "आप्पा, या औषधाचा पीएचआय भरत नाही. दुसरं काही चालतंय का ते आधी विचारू."

नोंदी ठेवणं, मुदत पाळणं, मोठ्या माणसापुढे कागद धरून नाही म्हणणं. औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात रोज याच गोष्टी करायच्या असतात. आणि ती म्हणते, अनुभव नाही! घरचं काम कमीपणाचं वाटतं म्हणून ते लपवलं जातं. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी हा संकोच आधी सोडावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. "कंपनीतला अनुभव नाही, सर. पण निर्यातीच्या बागेचं फवारणी रजिस्टर मी लिहिते." एवढं म्हटलं तरी पुरे. पुढचं सगळं साहेबच विचारतील, कारण हे त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नसतं. जमलं तर त्या रजिस्टरच्या दोन पानांची झेरॉक्स फाइलमध्ये ठेवा.

[दृश्य : नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत. कारखान्याच्या गेटबाहेर थांबलेले उमेदवार.]

इंग्रजीची धास्ती सगळ्यांनाच असते. निर्यातीची, परदेशी ग्राहकांशी बोलण्याची किंवा आयटीतली नोकरी असेल, तर इंग्रजी लागणारच, तिथे पळवाट नाही. मशिन शॉपच्या जागेसाठी मात्र समोरचा माणूस अनेकदा आपल्याच जिल्ह्यातला असतो. इंग्रजीत सुरुवात करून अडखळलात, तर सरळ विचारा, "सर, हे मराठीत सांगू का?" पाठ केलेल्या तीन इंग्रजी वाक्यांपेक्षा मराठीत नीट उलगडून सांगितलेलं काम कितीतरी वजनदार असतं.

एखादं उत्तर आलं नाही, तर वेळ मारून नेऊ नका. "हे मशिन मी पाहिलेलं नाही. फानुक कंट्रोलच्या सीएनसी मशिनवर काम केलंय, त्यात असं करतो." इतकं बोलून थांबावं.

जाण्याआधी कंपनी काय बनवते हे तरी बघून जा. वेबसाइट नसेल, तर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटताना उभं राहिलं तरी कळतं. आणि बाहेर पडल्यावर, विचारलेले प्रश्न त्याच दिवशी वहीत उतरवा. एकाच प्रकारच्या कारखान्यांत तेच प्रश्न पुन्हा येतात.

शेवटी साहेब विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" 'नाही सर' म्हणून उठू नका. पहिले सहा महिने कोणतं मशिन, कोणाच्या हाताखाली, हे विचारा. नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे, कंत्राटदाराकडून आहे, की अप्रेंटिस म्हणून आहे, हेही विचारा. यात उद्धटपणा काही नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या मुलाला पगार नसतो, विद्यावेतन असतं, आणि मुदत संपल्यावर तिथेच कायम करण्याचं बंधन सहसा कंपनीवर नसतं. हे रुजू होण्याआधी माहीत हवं, घरच्यांनाही माहीत हवं.

आणि गणवेशाचे, गेटपासचे, ट्रेनिंगचे म्हणून कोणी आधी पैसे मागितले, तर फाइल उचलून बाहेर पडा. मोबाइलवर आलेल्या ऑफर लेटरच्या फोटोवर विसंबून वडिलांना उसनवारी करायला लावू नका. त्या कंपनीच्या गेटवर जाऊन सिक्युरिटीला विचारा, आत एचआरला भेटा. सातपूर आणि अंबड काही लांब नाही.