संवेग : वेग एकटा पुरत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

10 टनांचा भरलेला ट्रक सपाट रस्त्यावर इंजिन बंद करून सरकतो आहे असं समजा. सेकंदाला फक्त 1 मीटर, आपण रमतगमत चालतो तेवढाच. तरी त्याच्यापुढे उभं राहून त्याला हातांनी अडवायला कोणी जाणार नाही. आणि 160 ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला 40 मीटर वेगानं येतो, तो मात्र यष्टिरक्षक झेलतो.

या फरकाला भौतिकशास्त्रात संवेग म्हणतात. वस्तुमानाला वेगानं गुणायचं, एवढंच. ट्रकचा संवेग 10,000 किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद, चेंडूचा अवघा 6.4. चेंडूनं ट्रकची बरोबरी करायची तर त्याला सेकंदाला साडेबासष्ट किलोमीटर धावावं लागेल. सूर्याभोवती फिरताना पृथ्वीचा जो वेग असतो, त्याच्या दुपटीहून थोडा जास्तच!

‘संवेग’ या शब्दात वेग ऐकू येतो, वस्तुमान ऐकू येत नाही. मला ही त्या शब्दाची उणीव वाटते. न्यूटननं 1687 साली यालाच ‘गतीचं परिमाण’ म्हटलं होतं, आणि ते अधिक नेमकं आहे. गती किती आहे एवढंच विचारून भागत नाही, ती किती द्रव्याला मिळाली आहे हेही विचारावं लागतं. द्रव्य म्हणतो आहे, वजन नाही. अंतराळस्थानकात अवजड पेटी तरंगते, वजन जाणवत नाही. पण ती वेगानं अंगावर आली तर चेंगरायला होईलच.

संवेगाला दिशाही असते. न्यूटनच्या आधी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं हाच गुणाकार मांडला होता, पण दिशा सोडून, आणि म्हणून त्याचे टकरींचे नियम चुकले. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच वेगानं समोरासमोर आदळले, की चिकटून जागीच थांबतात. दोघांचे संवेग विरुद्ध दिशांचे, त्यामुळे बेरीज आधीपासूनच शून्य होती.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. सप्टेंबर 2022 मध्ये नासानं ‘डार्ट’ नावाचं यान डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. यान 600 किलोपेक्षाही कमी, लघुग्रह सुमारे 160 मीटर रुंद, म्हणजे वस्तुमानाची काही तुलनाच नाही. पण यानाचा वेग होता सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर. वस्तुमानातली कसर वेगानं काही अंशी भरून काढली. डायमॉर्फस आपल्या सोबतच्या मोठ्या लघुग्रहाभोवती 11 तास 55 मिनिटांत फेरी मारायचा. ती फेरी अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली.

नुसत्या यानाच्या संवेगानं एवढा बदल झाला नसता. धडकेनं दगडधोंडे आणि धूळ मागे उसळली, संवेग मागच्या दिशेला घेऊन गेली, आणि तितकाच जादा रेटा लघुग्रहाला पुढे मिळाला.